फोन असताना वेगळा कॅमेरा घ्यायचा का?

पाऊलवाट: माझा जुना कॉम्पॅक्ट कॅमेरा गेला, लेन्स अर्धी बाहेर येते आणि तिथेच अडकते. दुरुस्तीवाला म्हणाला पार्टच येत नाहीत आता. घरचे म्हणतात फोन आहे ना हातात, कशाला हवा. पण परवा तारेवर खंड्या बसलेला दिसला, फोनवर झूम करून काढला आणि घरी येऊन बघितलं तर पिसं कुठेच नाहीत, नुसता निळा रंग फासल्यासारखा. मुलीच्या नाचाचेही फोटो काढायचे असतात. काय करू?

उजेडवेडा: पार्ट मिळणार कुठून, तो धंदाच बसला. 2010 मध्ये जगभरात 12 कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते आणि 2023 ला आकडा 80 लाखांच्याही खाली. सगळ्यात जास्त मार बसला तो खिशात मावणाऱ्या कॉम्पॅक्टला, कारण फोनने नेमकं तेच काम उचललं. कॅसिओ 2018 ला यातून बाहेर पडली, ऑलिम्पसने 2020 ला कॅमेऱ्याचा धंदा विकायला काढला. कंपन्यांचा जोर आता मिररलेसवर आहे, म्हणजे महाग, लेन्स बदलता येणारे.

सावली_२२: ताई, खंड्याचं कारण सांगते. सेन्सर म्हणजे उजेड टिपणारी चिप. मोठ्या कॅमेऱ्यातला फुल फ्रेम सेन्सर 36 बाय 24 मिमी असतो, फोनचा त्यापुढे अगदीच चिमुकला, मग उजेड कमी मिळतो आणि तो कमीपणा फोन सॉफ्टवेअरने भरून काढतो. नाइट मोडमध्ये पटापट बरेच फोटो घेऊन एकावर एक बसवतो, म्हणून देऊळ, डोंगर असं स्थिर काही असेल तर कमाल येतो. पण नाचणारी मुलगी थांबते थोडीच! गिरकी घेतली की हात पुसट. तिथे मोठा सेन्सर आणि मोठ्या तोंडाची लेन्सच लागते, त्याला दुसरा इलाज नाही. आणि फोनच्या टेलिलेन्सची, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सची, हद्द संपली की पुढचा झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणं.

वाटसरू: मी थोडं वेगळं सांगतो. माझा डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलायचा मोठा कॅमेरा, दोन वर्षं कपाटात पडून होता, शेवटी विकला. पोरगा पहिल्यांदा चालला तेव्हा हातात फोन होता म्हणून ते क्षण मिळाले, बॅग उघडून लेन्स लावेपर्यंत तो धपकन बसला असता. रोज सोबत नेणार असाल तरच घ्या, मनापासून सांगतोय.

पाऊलवाट: पटतंय. पण पक्षी बघायला मी पहाटे मुद्दाम निघते, तेव्हा ओझ्याचं काही वाटत नाही.

सावली_२२: मग आधी कोणाचा तरी ब्रिज कॅमेरा, म्हणजे लेन्स न बदलणारा पण लांबच्या झूमचा, दोन दिवस मागून आणा. त्याचाही सेन्सर बहुतेक वेळा लहानच असतो, त्यामुळे स्टेजवर फार उपयोग नाही, पण झूम खरा, लेन्सचा. त्याच तारेवर त्याच वेळी जाऊन काढा आणि फोनचा फोटो शेजारी ठेवून डोळा आणि चोच बघा. नाचासाठी सेकंड हँड मिररलेस बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, आणि एक 50 किंवा 85 मिमीची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, एवढंच पुरे.

पाऊलवाट: मामेभावाकडे आहे ब्रिज. रविवारी मागून आणते, दोन्ही फोटो इथेच टाकते.