डार्क लॉर्ड स्टाउट : मला नुसती काकवीच लागली. चुकलं कुठे?

गुऱ्हाळाकाठचा

मंडळी, शनिवारपासून ही गोष्ट मनातून जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जाणकारांनी कृपया सांगावं.

मी शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहतो. ऑफिसातला एक सहकारी दरवर्षी मन्स्टरला ‘डार्क लॉर्ड डे’ला जायचा. मन्स्टर इंडियाना राज्यात, पण इलिनॉयच्या सीमेला लागूनच. तिथली थ्री फ्लॉइड्स ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, वर्षातून एकदा ही डार्क लॉर्ड नावाची इम्पिरियल स्टाउट (खूप कडक, काळी बिअर) विकायला काढते आणि त्या दिवसाचं तिकीट आधी मिळवावं लागतं. लोक घरून जपलेल्या बाटल्या आणतात, अनोळखी माणसांच्या ग्लासात ओततात, आपसात अदलाबदल करतात. हे सगळं मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की जत्रेला न जाताच जत्रा पाठ झाली आहे.

हा माणूस नोकरी बदलून सिॲटलला गेला. जाताना २०१८ च्या दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. पैसे घेतले नाहीत. ‘घाई करू नकोस’ एवढंच म्हणाला.

शनिवारी एक उघडली. ६५० मिलीची बाटली, तोंडावर मेणाचा जाड थर. सुरीने मेण खरवडायलाच पाच मिनिटं गेली. रशियन पद्धतीची स्टाउट. त्यात कॉफी, मेक्सिकन व्हॅनिला आणि भारतीय साखर. अल्कोहोल १५ टक्के. आम्ही तिघं होतो : मी, बायको आणि पुण्याचा एक मित्र. बाटली सकाळपासून फ्रिजमध्ये. जेवायला सुकं मटण आणि तांबडा रस्सा. नेहमीच्या उंच ग्लासांत तिघांना सारखी वाटली.

दिसायला गाडीतून काढलेल्या ऑइलसारखी. फेस जेमतेम, तपकिरी, तोही लगेच विरला. पहिल्या घोटाला नुसतं गार आणि गोड. दुसऱ्या घोटाला रश्शाच्या तिखटावर ते अल्कोहोल असं चढलं की तोंड भाजल्यासारखं झालं. बायकोने दोन घोटांत ग्लास बाजूला ठेवला. मित्राने अर्ध्यावर सोडली. माझीही संपली नाही. जवळजवळ निम्मी बाटली सिंकमध्ये ओतावी लागली. ओतताना मला फार वाईट वाटलं. एखाद्याने वर्षानुवर्षं जपलेली वस्तू विश्वासाने दिली आणि आपण तिचं हे केलं.

आता चवीबद्दल. नेटवर लोक अंजीर, प्लम, डार्क चॉकलेट, चामडं असं काय काय लिहितात. मी डोळे मिटून शोधलं. मला एकच गोष्ट लागली : काकवी. माझं गाव कागल तालुक्यात, आजोबांचं गुऱ्हाळ होतं. काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, उतरवायला जरा उशीर झाला की रस तळाला धरतो. त्या दिवशीच्या काकवीला एक करपट, कडसर गोडी येते. अगदी तीच. लाकडाचा, बर्बन व्हिस्कीचा वास येईल असं वाटलं होतं, तो अजिबात आला नाही. त्यामुळे एक तर बाटली बिघडली असावी किंवा मला यातलं कळत नसावं.

पिण्यात माझं काय चुकलं? दुसरी बाटली आता उघडू की ठेवू? आणि काकवी लागणं बरोबर आहे का?

आंबवण

दादा, वर्णनावरून तरी बाटली बिघडलेली वाटत नाही. मी मिलवॉकीला राहते आणि नऊ वर्षं घरी बिअर करते. तीनदा इम्पिरियल स्टाउट करून पाहिली आहे, त्यातली एक जमली.

आधी हिशेब बघा. ६५० मिलीच्या १५ टक्के म्हणजे साडेसत्त्याण्णव मिली शुद्ध अल्कोहोल, वजनाने सुमारे ७७ ग्रॅम. इथे अमेरिकेत एक ‘ड्रिंक’ १४ ग्रॅमचं धरतात. म्हणजे त्या एका बाटलीत नेहमीच्या ५ टक्केवाल्या साडेपाच कॅन आहेत. तिघांनी जेवणाबरोबर संपवायची ही बाटलीच नाही. सहा-सात जणांत ९०-१०० मिली प्रत्येकी, तेही जेवण झाल्यावर. न संपणं हे तुमचं अपयश नाही.

दुसरं, गारवा. फ्रिजमध्ये ती ३-४ अंशांवर असते. इतक्या थंडीत सुगंध वर येतच नाहीत, जीभही बधिर होते. गोडी आणि अंगाचा दाटपणा तेवढा कळतो. हिला १२-१३ अंश हवेत. उघडण्याआधी पाऊण तास बाहेर काढून ठेवा आणि पोट फुगीर, तोंड निमुळतं अशा छोट्या ग्लासात थोडी थोडी ओता. वाइनचा ग्लासही चालेल. तळहातात धरला की आणखी उबते. पहिला घोट आणि विसाव्या मिनिटाचा घोट यांत इतका फरक पडतो की दोन वेगळ्या बिअर वाटाव्यात.

तिसरं, तिखट. मिरचीने चेतवलेल्या जिभेला अल्कोहोल आणखी भाजतं. तांबडा रस्सा आणि १५ टक्के ही जोडी कुणालाच झेपणार नाही. बरोबर जुनं चीज, अक्रोड, फार तर एखादा बिनगोडाचा बिस्किटाचा तुकडा.

आता गोडी. बिअर करताना आंबवण्याआधी आणि नंतर द्रवाची घनता मोजतात. साध्या आयरिश स्टाउटमध्ये यीस्ट बहुतेक साखर खाऊन टाकतं आणि घनता १.००७ ते १.०११ वर येते. इम्पिरियल स्टाउटसाठी बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या शैलीपुस्तकात १.०१८ ते १.०३० धरली आहे, आणि अल्कोहोल ८ ते १२ टक्के. डार्क लॉर्ड या चौकटीबाहेरची. मुळात धान्य आणि साखर इतकी घातलेली असते की यीस्ट स्वतःच तयार केलेल्या अल्कोहोलमध्ये दमतं आणि उरलेली साखर तशीच राहते. तो दाटपणा हेतूने ठेवलेला आहे. आवडणं न आवडणं तुमच्यावर.

लाकडाचा वास आला नाही, कारण साधी डार्क लॉर्ड पिंपात मुरवत नाहीत. पिंपात मुरवलेले तिचे वेगळे प्रकार निघतात. तुमच्या मनात बहुधा शिकागोच्याच गूस आयलंडची बर्बन काउंटी स्टाउट असावी, जी थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी येते. अमेरिकी कायद्याने बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच ठेवावी लागते. एकदा वापरलेलं पीप त्यांच्या उपयोगाचं राहत नाही. अशी सुमारे २०० लिटरची पिंपं मग बिअरवाल्यांकडे येतात आणि त्यांतून व्हॅनिला, खोबरं, धूर असं सगळं उतरतं. ग्रँड रॅपिड्सची फाउंडर्स ब्रुअरी आपली केबीएस स्टाउट गावाखालच्या जुन्या जिप्समच्या खाणीत पिंपांत मुरवते. ती एकदा चाखा. तुम्हाला अपेक्षित असलेला वास तिथे सापडेल.

दुसरी बाटली ठेवू नका. कॉफीचा वास सगळ्यांत आधी उडतो. मग अल्कोहोलची धार बोथट होते, मनुका-खारकेसारखं काहीतरी येतं, इथवर ठीक. पण पुढे सोया सॉससारखी खारट छटा येऊ लागते आणि ती आली की परत जात नाही. २०१८ ची आहे, आता उघडा. आदल्या दिवसापासून उभी ठेवा, तळाशी गाळ असेल तो हलवू नका, शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या.

थेम्सतीर

आंबवणताईंनी सगळं सांगितलंच आहे. मी फक्त ‘रशियन’ आणि ‘इम्पिरियल’ या शब्दांबद्दल लिहितो, कारण इथे लंडनमध्ये साउथवर्कच्या ज्या भागात ही बिअर करणारी जुनी ब्रुअरी होती तिथून मी रोज ऑफिसला जातो.

अठराव्या शतकात तिथे हेन्री थ्रेलची अँकर ब्रुअरी होती. पोर्टर ही तेव्हाची लंडनची काळी बिअर. तिच्यातली जी जास्त कडक ती स्टाउट. ही कडक बिअर बाल्टिक समुद्रातून रशियाला जायची. जोसेफ फॅरिंग्टन या चित्रकाराच्या १७९६ च्या रोजनिशीत थ्रेलच्या ब्रुअरीतली, रशियाच्या सम्राज्ञीसाठी खास केलेली पोर्टर प्यायल्याची नोंद आहे. सम्राज्ञी म्हणजे कॅथरिन द ग्रेट. ‘इम्पिरियल’ नाव दरबाराच्या या नात्यातून आलं.

थ्रेल १७८१ मध्ये वारला. त्याच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांत डॉ. सॅम्युअल जॉन्सन होते, तेच कोशकार. ब्रुअरी विकली गेली आणि पुढे बार्कली पर्किन्स या नावाने चालली. १९५५ मध्ये ती करेज कंपनीत विलीन झाली. करेजची इम्पिरियल रशियन स्टाउट १९९३ पर्यंत निघत होती.

समुद्रात गोठू नये म्हणून ही बिअर कडक केली, ही गोष्ट मात्र सोडून द्या. १० टक्क्यांची बिअर उणे चार अंशांच्या आसपास गोठायला लागते. बाल्टिकच्या थंडीपुढे हा फरक किरकोळ, आणि साधी पोर्टरही त्याच मार्गाने जात होतीच. कडक बिअर टिकते आणि श्रीमंत गिऱ्हाईक तिला चांगला पैसा देतं, एवढं कारण पुरेसं आहे.

कोथरूडकर

माझं मत वेगळं आहे आणि ते मनापासून आहे. गिनेसची साधी ड्राफ्ट स्टाउट ४.२ टक्क्यांची. भाजलेल्या बार्लीचा कडवटपणा, हलकं अंग, दोन ग्लास पिऊन गप्पा मारता येतात. बिअरचा गुण मला यात दिसतो. १५ टक्के, वर कॉफी, व्हॅनिला आणि साखर घातली की धान्याची चव उरते कुठे? तिकीट काढून मिळालेली वस्तू नावडली असं म्हणायला माणूस कचरतो. तुम्ही सिंकमध्ये ओतली हे प्रामाणिकपणे लिहिलंत, हे मला फार आवडलं. दुसऱ्या वेळी नाही आवडली तरी तसंच लिहा.

आंबवण

कोथरूडकर, साध्या स्टाउटबद्दल पूर्ण सहमत. ४ टक्क्यांत चव आणणं जास्त अवघड आहे, तिथे चूक लपत नाही. पण धान्य उरत नाही, हे पटत नाही. इम्पिरियल स्टाउटचा रस आम्ही कधी कधी तीन-चार तास उकळतो, फक्त पाणी आटवायला. त्या उकळीत साखर आणि धान्यातली प्रथिनं मिळून नवीन चवी तयार होतात. हे लिहिताना लक्षात आलं, गुऱ्हाळाकाठचा. तुमच्या आजोबांच्या काहिलीत वेगळं काय होत होतं? रस उसाचा, एवढाच फरक. वर त्या बाटलीत भारतीय साखर आहेच. काकवी लागली नसती तर मी म्हणाले असते की काहीतरी बिघडलंय.

गुऱ्हाळाकाठचा

सगळ्यांचे आभार. काल रात्री दुसरी उघडली, तुम्ही सांगितलं तशी.

सहा जणांना बोलावलं. एक जण पीत नाही, चौघांना घरी सोडायची जबाबदारी त्याने घेतली. जेवण साधं : मुगाची खिचडी, कढी, पापड. जेवणानंतर तासभर गेला. बाटली फ्रिजबाहेर पन्नास मिनिटं. वाइनचे छोटे ग्लास, प्रत्येकी ८०-९० मिली, गाळ तळाशी ठेवला.

ओतल्याबरोबर खोलीत वास पसरला. शनिवारी हा वास मुळी आलाच नव्हता. आधी भाजकी कॉफी, अगदी अंधूक. मग काळ्या मनुका, भिजवलेली खारीक. घोट घेतला तर गोडी तेवढीच, पण तिच्या मागून कडवटपणा हळूहळू येतो आणि गोडीला धरून ठेवतो. अल्कोहोल घशात नाही, छातीत उबेसारखं. चाळीस मिनिटं पुरवली. शेवटच्या घोटात सोया सॉसची पुसटशी छटा होती, म्हणजे ताई म्हणाल्या ते खरं, अजून ठेवायला नको होती.

कोथरूडकर, प्रामाणिकपणे सांगतो : ९० मिली फार आवडली. आणखी ९० मिली दिली असती तर नको म्हटलं असतं. बायकोला दोन चमचे आवडली.

आणि आई. ती गावाहून तीन महिन्यांसाठी आली आहे. पीत नाही, पण सगळे नाकाला ग्लास लावून बसलेले बघून तिने माझा रिकामा ग्लास उचलला आणि वास घेतला. आम्ही कुणीही तिला काही सांगितलं नव्हतं. म्हणाली, ‘काहील उतरवायला उशीर केला यांनी. गुळव्या नवा दिसतोय.’ मग आजोबांच्या गुऱ्हाळावरच्या गुळव्याबद्दल, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराबद्दल, अर्धा तास बोलत राहिली : चुलवाणातला जाळ तो चिपाडं टाकून कसा कमी-जास्त करायचा, मळी काढायला भेंडीचं पाणी कधी घालायचा, काकवी कोणत्या तारेवर काढून घ्यायची. त्यातलं निम्मं मी पहिल्यांदा ऐकलं. ग्लास रिकामे झाले होते तरी कुणी उठलं नाही.

सिॲटलला सहकाऱ्याला रात्रीच फोन केला आणि पहिल्या बाटलीचंही खरं सांगून टाकलं. तो म्हणाला, त्याचीही पहिली तशीच गेली होती. काकवी म्हणजे काय ते त्याला समजावता येईना, म्हणून आईने आणलेल्या बरणीतली थोडी छोट्या बाटलीत भरून उद्या पाठवतोय.

पुढच्या वेळी तिकीट मिळालं तर डार्क लॉर्ड डेला जायचा विचार आहे. शिकागो, मिलवॉकीकडचं कुणी येणार असेल तर इथेच कळवा. आमचा न पिणारा मित्र गाडी चालवायला तयार आहे, मागे तीन जागा रिकाम्या आहेत.