खांदेरी १६७९ : 'रिव्हेंज'ने पळवून लावलं, तर बेट महाराजांकडे कसं राहिलं?

शंकासुर :
मंडळी, एक कोडं सुटत नाहीये. शाळेत शिकलो की मुंबईजवळच्या खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांच्या आरमाराने इंग्रजांना धूळ चारली. परवा त्या वेळच्या इंग्रजी कागदांवर आधारलेलं वर्णन वाचलं, तर चित्र उलटंच निघालं. १८ ऑक्टोबर १६७९ ला महाराजांचा आरमारी सरदार दौलतखान साठेक गलबतं घेऊन चालून गेला. समोर इंग्रजांची जेमतेम आठ जहाजं. त्यांची 'डोव्हर' नावाची गुराब (शिडाचं लढाऊ जहाज) अर्ध्या तासात निशाण उतरवून शरण आली, बाकीची पळाली. पण उरलेल्या एकट्या 'रिव्हेंज' या इंग्रजी जहाजाने पाच गलबतं बुडवली आणि आपलं अख्खं आरमार नागोठण्याच्या खाडीत पिटाळलं म्हणे. मग बेट आपल्याकडे राहिलं कसं? आणि एवढ्याशा खडकासाठी दोघांनी इतका जीव का टाकला?

मोडीवाचक :
दुसऱ्या प्रश्नाचं थोडक्यात सांगतो, पहिल्यासाठी इथे माझ्यापेक्षा जाणकार आहेत. मूळ दुखणं जंजिऱ्याचा सिद्दी. तो मुघलांचा चाकर, पावसाळ्यात आरमार मुंबईच्या आसऱ्याला आणून ठेवायचा आणि तिथूनच आपल्या किनाऱ्यावर जाळपोळ करायला निघायचा. इंग्रजांना ते आवडायचं असं नाही, पण मुघलांना दुखवलं तर सुरतेचा व्यापार बसला असता. खांदेरीवर ठाणं झालं की मुंबईच्या तोंडावर महाराजांचा पहारा बसणार. १६७२ मध्ये महाराजांनी हा प्रयत्न एकदा केला होता, तेव्हा तो सोडून द्यावा लागला. १६७९ च्या ऑगस्टअखेर महाराजांचा माणूस मायनाक भंडारी दीडशेच्या आसपास माणसं आणि चार लहान तोफा घेऊन उतरला आणि बांधकामाला लागला. इंग्रज म्हणाले, बेट मुंबईचं आहे, चालते व्हा. मायनाक म्हणाला, धन्याच्या हुकुमाशिवाय हलणार नाही.

तांडेलाचा_नातू :
आमचं घर अलिबागजवळच्या थळचं. आजोबा तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके होते, मी मचव्यांची इंजिनं दुरुस्त करतो. त्यामुळे इतिहासकाराचं नाही, होडीवाल्याचं उत्तर देतो.

शंकासुर, तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. त्या दिवसापुरती 'रिव्हेंज' जिंकली. पण हे भांडण ऑगस्टअखेरपासून पार जानेवारीपर्यंत चाललं होतं, आणि त्या सगळ्या काळात खरा प्रश्न एकच होता : बेटावर दाणागोटा, लाकूड आणि बांधकामाचं सामान पोचतंय का? ते बंद झालं असतं तर मायनाकाला महिनाभरही तग धरता आला नसता. इंग्रजांनी वेढा घातला तो त्यासाठीच.

आता नकाशा घ्या. खांदेरी थळपासून चार-पाच किलोमीटर समुद्रात आत. मधे उंदेरी, किनाऱ्याला लागून म्हणावी इतकी जवळ. खाली नागाव, त्याच्याखाली चौल. हा पट्टा उथळ आणि खडपांनी भरलेला. आमच्याकडची पोरं आजही ओहोटीला तिथे इंजिन जपून चालवतात, पंखा दगडाला लागला की गिऱ्हाईक माझ्याकडे. 'रिव्हेंज'सारखं सोळा तोफांचं जहाज वाऱ्यावर अवलंबून, त्याला खोल पाणी लागणार. आपली गलबतं सपाट बुडाची, वल्ह्यांवर चालणारी. रात्री वारा पडला की इंग्रजांचं मोठं जहाज नांगरावर बसून राहणार आणि गलबतं अंधारात किनाऱ्याच्या कडेकडेने बेटाला लागणार. वेढा होता, पण चाळणीसारखा. इंग्रजांच्या पत्रांतही हीच रड आहे की या लहान बोटी हाती लागत नाहीत.

बेटावर चढून जाणं तर आणखी अवघड. दोन टेकड्या, त्यांच्या मधे पूर्वेच्या अंगाला होड्या लावायची जागा. बाकी सगळीकडे दगड. तटाच्या बाहेर पाण्यात मुद्दाम टाकलेले मोठमोठे धोंडे आजही दिसतात, त्यांच्यावर कालवं चढलेली असतात. त्यावर अनवाणी उतरून बघा, तळपाय सोलून निघतो. सप्टेंबरमध्ये इंग्रजांचा लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प शिबाडं (मालवाहू होड्या) घेऊन उतरायला गेला आणि तिथेच मारला गेला, त्याची काही माणसं पकडली गेली. तेव्हा तट पुरता उठलाही नव्हता. हा माणूस शूर असेल, पण तोफा आणि बंदुका समोर असताना असल्या जागी घुसणं म्हणजे शुद्ध आडदांडपणा.

आता १८ ऑक्टोबर. हल्ला अगदी उजाडताना झाला आणि किनाऱ्याकडून झाला. गलबतं नाळेवरच्या तोफा डागत इतक्या वेगाने आली की इंग्रजांना नांगर उचलायलाही पुरता वेळ मिळाला नाही. माझा अंदाज विचाराल तर दौलतखानाने मतलई वारा धरला असणार. ऑक्टोबरात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दिवस वर आला की उलटा फिरतो. कागदात असं लिहिलेलं नाही, पण आमच्याकडचा कुठलाही म्हातारा हेच सांगेल. सकाळचा तो तास आपला होता. तेवढ्यात 'डोव्हर' हाती आली. मग मिंचिन आणि केग्विन हे इंग्रज अधिकारी 'रिव्हेंज'वर ठाम उभे राहिले, आणि उघड्या पाण्यात त्यांच्या तोफांपुढे आपल्या होड्यांचं काही चालण्यासारखं नव्हतं. खाडीत शिरणं यालाच शहाणपण म्हणतात, कारण 'रिव्हेंज' मागून आत येऊ शकत नाही. दोन दिवसांनी तेच आरमार परत बाहेर डोकावलं, यावरून काय ते समजा.

रानवारा :
म्हणजे इंग्रज नुसते कंटाळून गेले?

तांडेलाचा_नातू :
कंटाळा नाही, हिशोब. मुंबईत तेव्हा गोरे शिपाई मोजकेच, जहाजं भाड्याची, खर्च वाढत चाललेला. मुंबईला लाकूडफाटा आणि धान्य येणार ते समोरच्या मुलखातून, म्हणजे महाराजांच्याच. त्यात महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे फौज पाठवली, ठाण्यातून मुंबईवर उतरायच्या बेताने. पोर्तुगीजांनी वाट दिली नाही म्हणून ती पनवेलला आली, पण मुंबईत व्हायची ती घाबरगुंडी झाली. सुरतेहून वरिष्ठांचा सूर आलाच : प्रकरण मिटवा. नोव्हेंबरअखेर सिद्दीचं आरमार मदतीला आलं, तोफांचा मारा रोजचा झाला, तरी बेट पडेना. उलट इंग्रजांना वेगळीच धास्ती, सिद्दीने जिंकलं तर तो ते स्वतःकडेच ठेवणार. १६८० च्या सुरुवातीला ते बाजूला झाले आणि तह केला.

शंकासुर :
पटलं. मग खांदेरीचा फायदा पुढे किती झाला? उंदेरी तर सिद्दीकडे होती ना?

तांडेलाचा_नातू :
हो, आणि तिथेच अर्धं पारडं फिरलं. जानेवारी १६८० मध्ये सिद्दी गुपचूप उंदेरीवर उतरला आणि तोफा चढवल्या. दौलतखान लगेच तुटून पडला, पण उंदेरी मिळाली नाही, तो स्वतः जखमी झाला. ३ एप्रिलला महाराज गेले. त्यानंतर कितीतरी वर्षं दोन बेटं एकमेकांवर तोफा रोखून बसलेली, आणि मधल्या मध्ये थळची घरं जळायची. उंदेरी मराठ्यांकडे यायला पेशवाई उजाडली. तरी खांदेरी मुंबईच्या वाटेवर होतीच. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या हाती ती आली तेव्हा मुंबईकर इंग्रजांचा तिच्यावर किती डोळा होता बघा : १७१८ मध्ये ते पुन्हा मोठा काफिला घेऊन आले आणि पुन्हा हात हलवत गेले. त्यावर वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.