मदत हवी आहे: वजन कमी करण्याचं ऑपरेशन आणि घरचे

नमस्कार. मी 39 वर्षांची, नाशिकला असते. उंची 158 सेंमी, वजन 104 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, याचा आकडा) 41 च्या वर. आठ वर्षांपासून शुगर आहे, झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री सीपॅप मशीन (मास्कमधून हवा देणारं) लावून झोपते. डाएट करून दोनदा बारा-बारा किलो उतरवले, दोन्ही वेळा परत आले. डॉक्टरांनी स्लीव्ह सर्जरी, म्हणजे जठर लहान करण्याचं ऑपरेशन, सुचवली आहे. विम्याच्या पॉलिसीत बीएमआय 40 ची अट आहे, त्यात मी बसते.

अडलंय ते घरात. आई फोनवर म्हणते, "चांगल्या पोटाला कशाला कात्री लावून घेतेस? चालायला जा रोज." मिस्टर म्हणतात, "तुझं तू ठरव." ऐकायला बरं वाटतं, पण मग सगळं ओझं माझ्या एकटीवर येतं. सासूबाई यावर बोलतच नाहीत, पोळीवर तूप मात्र वाढत राहतात. त्यांची धाकटी बहीण अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये गेली, हे मला लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर आत्ता गेल्या आठवड्यात कळलं. त्यांच्यावर रागावू तरी कशी?

माझं मन वळलं ते लेकीमुळे. नऊ वर्षांची आहे. मशीन यायच्या आधी घोरता घोरता माझा श्वास अडकला की ती दंड हलवून म्हणायची, "आई, श्वास घे ना." अजूनही मध्येच उठून मास्क नीट बसलाय का ते चाचपून बघते.

जाऊबाई म्हणतात, हर्नियाचं ऑपरेशन आहे म्हणून सांग. मला ते पटत नाही. जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात. ऑपरेशननंतर काही दिवस नुसतं पातळ, मग मऊ, जेवताना पाणी नाही, व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभर. एका स्वयंपाकघरात हे लपणार कसं? गणपतीत "एक मोदक तरी घे गं" म्हणून आग्रह करणाऱ्या सासूबाईंनाच हे माहीत नको का?

ज्यांनी हे ऑपरेशन करून घेतलंय, त्यांनी घरातल्या मोठ्यांना डॉक्टरांकडे नेलं होतं का? भीती कमी झाली की वाढली? पहिले दोन महिने तुमचं खाणंपिणं कोणी बघितलं? मंगळवारी माझी अपॉइंटमेंट आहे. सासूबाईंना सोबत नेऊ, की आधी फक्त मिस्टरांना?