मदत हवी आहे: मूल फलाटावरून हरवलं, खून शेतात. तपास कोणाचा?
नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी रहस्यकथा लिहितेय आणि तिसऱ्याच प्रकरणात घोडं अडलंय.

मनमाड स्टेशन. आई नळावर बाटली भरायला वळते आणि सहा वर्षांचा मुलगा गायब. बाकावर एक चप्पल आणि अर्धा खाल्लेला वडा. दुसऱ्या दिवशी येवल्याजवळ मक्याच्या शेतात एका माणसाचा मृतदेह, त्याच्या खिशात पोराची कानटोपी. खुनी मोकाट, मुलगा कुठेय पत्ता नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर मूल हरवलं की नुसत्या 'मिसिंग'वर भागत नाही, गुन्हा नोंदवावा लागतो, एवढं माहितीय. पण फलाट लोहमार्ग पोलिसांचा, शेत नाशिक ग्रामीणचं. धागे जुळल्यावर दोन्ही तपास एकाकडे जातात का? कोणाच्या हुकमाने?

माझी नायिका लोहमार्गची साधी हवालदार आहे. (पिस्तूल घेऊन एकटीच धावणारी इन्स्पेक्टर मला नकोय, सिनेमात पुष्कळ आहेत.) तिला येवल्यात जाऊन जबाब घेता येतील, की आधी तिथल्या ठाण्यात नोंद करावी लागेल?

खात्यातलं किंवा निवृत्त कुणी आहे का इथे? संपादकांचा रोज फोन येतोय हो.