प्रतिसाद: जेलमध्ये फोन लागत नाही, त्याबद्दल

ताई, भाचा अमेरिकेत काउंटी जेलमध्ये (तिथल्या जिल्हा तुरुंगात) आहे आणि फोन लागत नाही, असं तुम्ही वर लिहिलंय. तो बाहेरून लागतच नाही, आतूनच येतो. शेरीफच्या (जेल चालवणाऱ्या पोलीसप्रमुखाच्या) वेबसाइटवर नावाने शोधा आणि बुकिंग नंबर (जेलमध्ये नोंद करताना दिलेला नंबर) लिहून ठेवा, पुढे त्याची गरज पडते. जेलची जी फोन कंपनी असेल तिच्याकडे प्रीपेड खातं उघडा. आणि अनोळखी नंबर न उचलण्याची सवय तेवढी मोडा.

केसबद्दल मात्र फोनवर अवाक्षर नको. कॉल रेकॉर्ड होतात. 'मराठी कुणाला कळतंय' असं आम्हालाही वाटलं होतं, वकिलाने कपाळाला हात लावला. दुभाषे मिळतात हो!

भेटीआधी कपड्यांचे नियम वाचा. आमच्या वहिनी बिनबाह्यांचा कुर्ता घालून गेल्या, दीड तास गाडी चालवून दारातूनच परत. पुढच्या खेपेला काचेपलीकडे आमचा माणूस, आणि रिसीव्हरची स्टीलची वायर इतकी आखूड की वाकूनच बोलायचं. बऱ्याच ठिकाणी आता नुसती व्हिडिओ भेट असते. डबा, लाडू विसरा. कमिसरीच्या (जेलमधल्या दुकानाच्या) खात्यात पैसे टाका, नूडल्स-साबण भाचा घेईल.

व्हिसावर असेल तर जामीन भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचाराच. डिटेनर (त्याला आमच्या ताब्यात द्या, अशी इमिग्रेशन खात्याची जेलला विनंती) लागलेला असला तर पैसे भरूनही तो घरी न येता त्या खात्याच्या ताब्यात जाऊ शकतो. भारतीय पासपोर्ट असेल तर वकिलातीला कळवा, असं सांगायचा हक्क त्याला आहे, व्हिएन्ना कराराचं कलम ३६.