मेरियन बेटावर सहाशे टन विष टाकावं का?

धरमपेठकर (धागाकर्ता)

टाकावं, असं माझं मत आहे. शेवटचा उंदीर मरेपर्यंत टाकावं. अर्धवट करायचं असेल तर हातच लावू नये.

नागपुरात अंबाझरी तलावावर पक्षी बघायला जमलो होतो, तिथे या विषयावरून अशी जुंपली की दुर्बिणी गळ्यातच राहिल्या. तोच वाद इथे घालू, जरा नीट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी प्रकरण थोडक्यात. केप टाऊनच्या आग्नेयेला दोन हजारांवर किलोमीटर समुद्र ओलांडला की दक्षिण आफ्रिकेचं मेरियन बेट लागतं. तिथे गाव नाही, फक्त संशोधनाचा तळ आहे. भटक्या अल्बट्रॉसची मोठी वीण इथे होते. पंख पसरले की साडेतीन मीटरपर्यंत जाणारा पक्षी, पण दोन वर्षांतून एकदा एकच अंडं घालतो. पिल्लू जवळजवळ वर्षभर जमिनीवरच्या घरट्यात बसून असतं आणि आईबाप अन्नासाठी समुद्रावर गेले की कित्येक दिवस एकटं असतं.

एकोणिसाव्या शतकात सील मारायला आलेल्या जहाजांतून तिथे घरउंदीर उतरले. १९४९ मध्ये तळावरचे उंदीर आवरायला पाच मांजरं आणली. समोर न पळणारा पक्षी असताना उंदरामागे कोण धावतं? सत्तरच्या दशकात मांजरं दोन हजारांवर गेली आणि वर्षाला साडेचार लाखांच्या आसपास पक्षी खाऊ लागली. मग १९७७ मध्ये मांजरांचा विषाणू सोडला, त्यानंतर रात्रीच्या बंदुका, सापळे, विष. १९९१ पर्यंत मांजरं संपली. उंदरांना मात्र कोणी हात लावला नाही.

बेटावरची थंडी कमी झाली तसा उंदरांच्या विणीचा हंगाम लांबला. ज्या किड्यांवर ते जगत होते ते कमी झाले. २००३ मध्ये पहिल्यांदा अल्बट्रॉसच्या पिल्लांच्या अंगावर जखमा दिसल्या. २०२३ मध्ये पूर्ण वाढ झालेले पक्षी मेलेले सापडले. रात्री उंदीर अंगावर चढून जिवंत पक्षी कुरतडतात आणि तो बसून राहतो. जमिनीवरून शत्रू येतो हे त्याच्या शेकडो पिढ्यांनी पाहिलेलंच नाही.

आता योजना अशी की भर हिवाळ्यात, उंदीर उपाशी आणि बरेचसे पक्षी बाहेर गेलेले असताना, हेलिकॉप्टरनी संपूर्ण बेटावर विषारी दाणे टाकायचे. सुमारे सहाशे टन. एक गाभण उंदरीण वाचली तरी सगळं पाण्यात.

ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वेरी बेटावर आधी फक्त मांजरं काढली, २००० पर्यंत. सशांना रान मोकळं मिळालं आणि त्यांनी डोंगरउतार उघडे करून टाकले. मग ससे, उंदीर आणि घुशी तिन्ही एकदम घेतले, विष टाकलं, त्यानंतर शिकवलेली कुत्री घेऊन माणसं कित्येक महिने बेट हुंगत फिरली. २०१४ मध्ये बेट मुक्त जाहीर झालं आणि गवत परत आलं. माझा मुद्दा एवढाच.

इतवारीचा अहिंसक

आमचं इतवारीत धान्याचं दुकान आहे, तेव्हा उंदराशी वैर तुमच्यापेक्षा माझं जुनं आहे. पिंजरा लावतो, नोकर गावाबाहेर सोडून येतो. हसा खुशाल.

धरमपेठकर, तुम्ही सांगितलेली गोष्टच तुमच्या विरोधात जाते. उंदरांसाठी मांजर, मांजरासाठी विषाणू, विषाणू कमी पडला म्हणून बंदूक, आता हेलिकॉप्टर. प्रत्येक वेळी कोणीतरी शहाणा माणूस म्हणालाच असेल, ‘एवढं केलं की झालं.’ यावेळचा शहाणा वेगळा आहे हे मानायचं कशावरून?

आणि गॉफ बेटाचं नाव तुम्ही सोयीनं गाळलंत. दक्षिण अटलांटिकमधलं ब्रिटिशांच्या ताब्यातलं बेट, तिथेही उंदीरच अल्बट्रॉसची पिल्लं खातात. २०२१ च्या हिवाळ्यात हेलिकॉप्टरनी विष टाकलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात कॅमेऱ्यासमोरून एक उंदीर चालत गेला. म्हणजे असंख्य जीव आतल्या आत रक्तस्राव होऊन मेले आणि उंदीर होते तिथेच. त्या मरणाचा हिशेब कोणत्या खात्यात टाकायचा?

मॅक्वेरीवर मेलेले ससे-उंदीर खाऊन विषबाधेनं समुद्री गिधाडासारखे मोठे पेट्रेल आणि स्कुआ हे समुद्रपक्षी शेकड्यांनी मेले. ते तर तिथलेच होते ना? अल्बट्रॉस दुर्मीळ आहे म्हणून त्याच्या जिवाची किंमत जास्त, हे गणित मला पटत नाही. वेदना होते ती एकेका जिवाला, जातीला नाही.

काटोलवाला

राजेहो, आमच्या वावरात रानडुक्कर रात्री येते, सकाळी पाहाल तं सारं खोदून ठेवलेलं. वनखात्याच्या हापिसात गेलं तं परवानगी काढा, अर्ज करा, पंचनामा करा. अन तिकडं गोरे लोकं हेलिकॉप्टरनं विष फेकून राह्यले तं त्याले विज्ञान म्हनते. आमी फेकलं तं जेल.

धरमपेठकर

काटोलवाले भाऊ, तुमचं दुखणं खरं आहे, पण रानडुक्कर इथलंच जनावर आहे. त्याचं जंगल आपण तोडलं. मेरियनवरचा उंदीर माणसानं नेऊन सोडलेला आहे.

काटोलवाला

माह्या संत्र्याच्या झाडाले काय समजते भाऊ, डुक्कर इथलं का बाहेरचं? अन बाहेरचं म्हनसान तं संत्रा तरी कुठं इथला? भोसल्यायच्या राज्यात बाहेरून आनला म्हनतात. मंग त्याच्यावरबी टाका विष.

बजाजनगरची वाचक

भाऊंनी धागाकर्त्याला बरोबर पकडलं :) उत्तर द्या आता.

धरमपेठकर

देतो. परकं असणं हा गुन्हा नाही. संत्रा बाहेरून आला, पण तो काटोलच्या बागेतून उठून पेंचच्या जंगलात पसरत नाही. रायमुनिया, म्हणजे घाणेरी, पसरते. ती वाढली की खाली गवत राहत नाही, मग हरणं काय खाणार? म्हणून वनखातं ती मुळासकट उपटतं, आणि तेव्हा ‘बिचारी रायमुनिया’ असं कोणी म्हणत नाही. बेटावर तर पळून जायला जागाच नाही. इथला पक्षी संपला म्हणजे शेजारच्या तालुक्यातून दुसरा येणार नाही.

गॉफबद्दल. हो, फसलं. पण त्या एका हंगामात काही जातींची पिल्लं आधीपेक्षा कितीतरी जास्त वाचली, हेही तिथेच नोंदलं गेलं. उंदीर हेच कारण होतं, याचा याहून मोठा पुरावा कुठला हवा?

आणि जमलेलं उदाहरण मॅक्वेरीपेक्षाही मोठं आहे. दक्षिण अटलांटिकमधलं दक्षिण जॉर्जिया बेट. तिथल्या घुशी काढायला २०११, २०१३ आणि २०१५ असे तीन हंगाम लागले. बेट प्रचंड, एका दमात होणारं नव्हतं. पण हिमनद्यांनी त्याचे तुकडे पाडले होते आणि घूस हिमनदी ओलांडत नाही. म्हणून एकेक तुकडा घेता आला. घाई यासाठी होती की हिमनद्या मागे सरकत होत्या. त्या किनाऱ्यापासून हटल्या असत्या तर सगळे तुकडे जोडले जाऊन घुशींना बेटभर वाट मोकळी झाली असती. २०१८ मध्ये बेट घूसमुक्त जाहीर झालं. पिपिट नावाचा एवढासा गाणारा पक्षी आहे, जगात फक्त याच बेटावर. तो आता घुशींच्या जागी घरटी करतोय. आणखी वीस वर्षं ‘वेदना कोणाची’ यावर चर्चा केली असती तर ही संधी गेली असती.

सेमिनरी हिल्सची पशुवैद्य

माझ्याकडे उंदराचं औषध खाल्लेली कुत्री येतात, म्हणून विषाबद्दल बोलते. इथे दोन्ही बाजू त्याबद्दल मोघम बोलताहेत.

या बेटांवर वापरतात ते ब्रोडिफॅकूम. शरीरात रक्त गोठवणारे घटक तयार व्हायला व्हिटॅमिन के पुन्हा पुन्हा वापरलं जातं, ते चक्र हे औषध अडवतं. लगेच काही दिसत नाही. साठा संपला की आत रक्त झिरपायला लागतं आणि प्राणी काही दिवसांनी मरतो. कुत्रा वेळेत आणला तर व्हिटॅमिन के देऊन वाचवता येतो, उंदराला कोण देणार? त्रासाचं मरण आहे. अहिंसकजी यात काही वाढवून सांगत नाहीत.

पण हा संथपणा मुद्दाम आहे. खाल्ल्याखाल्ल्या मरणारं विष असेल तर आजारी पडून वाचलेला उंदीर ते पुन्हा तोंडात घेत नाही. दुखणं दिवसांनी येतं, म्हणून तो दाण्याशी जोडत नाही आणि सगळे खातात. म्हणजे क्रूरपणा आणि परिणाम एकाच गुणातून येतात. धरमपेठकर, याला पाठिंबा द्या, मीही देते, पण हे माहीत असू द्या.

पेट्रेल मेले हेही खरं. मॅक्वेरीवर २०१० च्या पहिल्या फेरीनंतर ते लक्षात आलं, म्हणून पुढच्या फेरीआधी सशांमध्ये सशांच्याच रोगाचा एक विषाणू सोडला. ससे आधीच कमी झाले, विषारी मढी कमी पडली. मढी शोधून गाडायला माणसंही लावली.

फुटाळा फेरी

एवढं सगळं ठीक, पण उंदीर काढल्यावर अल्बट्रॉस वाचणारच आहे का? लांब दोरीला हजारो गळ लावून मासेमारी करणाऱ्या बोटींमागे ते जातात आणि गळाला अडकून बुडतात. वर बर्ड फ्लू. तो २०२३ मध्ये दक्षिण जॉर्जियाला पोचला, मग मेरियनच्या बाजूलाही. आपल्याला ते दूरचं वाटतं, पण त्याच एच५एन१ नं इथे गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या गेला, २०२४ च्या डिसेंबरअखेरीस. सहाशे टनांनी एक संकट हटेल, बाकी दोन तशीच.

सेमिनरी हिल्सची पशुवैद्य

बर्ड फ्लूला सध्या समुद्रावर औषध नाही. मासेमारीला आहे: दोरीवर फडफडणाऱ्या पट्ट्या, वजनं, रात्रीच गळ टाकणं. दक्षिण जॉर्जियाच्या पाण्यात यामुळे पक्षी मरणं जवळपास थांबलं. एकाच वेळी अनेक बाजूंनी मार खाणाऱ्या रुग्णाला जी जखम शिवता येते ती आधी शिवतात.

इतवारीचा अहिंसक

डॉक्टरताईंशी बोलायला बरं वाटतं, त्या निदान मरणाला मरण म्हणतात.

मग दुसरा रस्ता का नको? ऑस्ट्रेलियात ॲडलेड विद्यापीठात उंदरांच्या जनुकांत असा बदल करून पाहिलाय की पुढच्या पिढीतल्या माद्या वांझ निघतील. कोणाला मारायचं नाही, संख्या आपोआप उतरेल. तोवर थांबू.

सेमिनरी हिल्सची पशुवैद्य

ते अजून प्रयोगशाळेतच आहे. आणि मला त्याची भीती विषापेक्षा जास्त वाटते. विष पावसात, मातीत हळूहळू संपतं. स्वतःच पसरणारं जनुक एखाद्या जहाजातून मुख्य भूमीवर आलं तर? घरउंदीर मूळचा इराण ते उत्तर भारत याच पट्ट्यातला मानतात. इथे तो उपरा नाही, घुबडांचं आणि सापांचं अन्न आहे.

बजाजनगरची वाचक

मला एक सांगा, आपल्याकडे असं काही करता येईल? अंदमानात ब्रिटिशांनी शिकारीसाठी चितळ सोडले. तिथे वाघ नाही, बिबट्या नाही. चितळ जंगलातली कोवळी रोपं खाऊन टाकतात, पुढची झाडं उगवतच नाहीत. इंटरव्ह्यू बेटावर लाकडाची कंपनी बंद पडल्यावर सोडून दिलेले हत्ती रानटी झाले. उंदरावर विष टाकायला सगळे तयार आहेत, चितळावर बंदूक धरा म्हटलं तर? अवनी वाघिणीला गोळी घातली तेव्हा, २०१८ मध्ये, अख्खा विदर्भ दोन तट पडून भांडत होता. उंदीर कुरूप आहे म्हणून हा धागा इतका सोपा चाललाय.

धरमपेठकर

ताई, चितळालाही हाच नियम. पकडून हलवता आले तर हलवा, नाही तर मारा. हत्तीबाबत म्हणणार नाही, ते मोजके आहेत आणि मरेपर्यंत सांभाळता येतील. कसोटी दिसण्याची नाही. बेट परत उभं राहू शकतं का, आणि जनावर पूर्ण काढता येतं का, या दोन प्रश्नांना ‘हो’ असेल तरच. रानडुकराच्या बाबतीत दोन्हीला ‘नाही’, म्हणून काटोलवाले भाऊंना माझ्याकडून कुंपण मिळेल, हेलिकॉप्टर नाही.

काटोलवाला

कुंपनाचे पैसे कोन देईल थे बी सांगा.

फुटाळा फेरी

माझा मावसभाऊ अंटार्क्टिकात मैत्री तळावर हिवाळा काढून आला. आपली माणसंही केप टाऊनहूनच जातात. निघण्याआधी बूट घासून धुवायचे, खिसे उलटे करायचे, जाकिटाच्या चिकटपट्टीत अडकलेल्या बिया चिमट्यानं काढायच्या. २००७-०८ च्या उन्हाळ्यात अंटार्क्टिकात जाणाऱ्यांच्या सामानाची तपासणी झाली होती, तेव्हा ज्यांच्याकडे बिया सापडल्या त्यांच्याकडे माणशी सरासरी साडेनऊ निघाल्या. आपल्या २०२२ च्या अंटार्क्टिक कायद्यातही तिथे परके जीव नेण्यावर बंदी आहे. हे स्वस्त पडतं. नंतर सहाशे टन टाकण्यापेक्षा बूट धुतलेले बरे.

धरमपेठकर

मान्य, पण मेरियनवर बूट धुवायची वेळ दोनशे वर्षांपूर्वीच टळली.

त्या मोहिमेला लोकवर्गणी चालू आहे, हेक्टरी हजार रँड (दक्षिण आफ्रिकेचं चलन) असा हिशेब आहे. मी एका हेक्टरचे देणार. अहिंसकजी, तुम्ही?

इतवारीचा अहिंसक

विषासाठी एक पैसा नाही. केप टाऊनच्या धक्क्यावर मेरियनला निघालेल्या जहाजाचं सामान हुंगणारा कुत्रा ठेवणार असतील तर त्याच्या वर्षभराच्या खाण्याचे मी देतो, लेखी. आणि फवारणीनंतर कॅमेऱ्यात पुन्हा उंदीर दिसला तर दुसऱ्या फेरीचं समर्थन करणार का, हे मला आजच सांगा. तेव्हाचं उत्तर नको.

धरमपेठकर

पहिली फेरी का फसली हे कळलं असेल तर करेन. न कळता नुसतंच पुन्हा टाकायचं म्हणाले तर तुमच्या बाजूनं उभा राहीन.

काटोलवाला

एक हेक्टर काटोलात बी घ्या राजेहो, रँड नाई लागत.