मदत हवी आहे : चार्जिंग स्टेशनच्या बिलाचा हिशोब लागत नाहीये (सोलापूर)

मंडळी, गाडी टियागो ईव्ही, बॅटरी २४ युनिटची. रोजचं चार्जिंग घरी, महावितरणच्या मीटरवर, तिथं काही तक्रार नाही. बाहेरगावी निघालं की घोळ सुरू होतो.

परवा पुण्याला निघायच्या आधी शहरातल्याच एका फास्ट चार्जरवर दुपारी पावणेचारला गाडी लावली. अ‍ॅपवर दर १८ रुपये युनिट. ३० टक्क्यांवरून ८० वर आल्यावर बंद केलं. चार्जरच्या स्क्रीनवर १३ युनिट. १८ टक्के जीएसटी धरून २७६ रुपये व्हायला हवेत, वॉलेटमधून गेले ३१८! पावतीवर ‘चार्जिंग शुल्क’ अशी एकच रक्कम आणि खाली जीएसटी. दराचा पत्ता नाही.

बॅटरीत बारा युनिट गेले आणि मीटरवर तेरा पडले, हे मान्य. चार्ज होताना थोडी वीज उष्णतेत जातेच, त्यात आपलं ऊन. वरचे ४२ रुपये कसले, ते सांगा.

मला वाटतं चार वाजता दर बदलला. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्टेशनला लागणाऱ्या विजेचा दर सकाळी ९ ते दुपारी ४ वीजपुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या ०.७ पट आणि बाकी वेळ १.३ पट धरलाय. पहिले चार युनिट १८ नं आणि उरलेले नऊ २२ नं धरले तर आकडा बरोबर जुळतो. पण हे मी घरी कॅल्क्युलेटर घेऊन काढलं. कस्टमर केअरचं उत्तर एकच, "सर, डायनॅमिक प्रायसिंग आहे." अहो, डायनॅमिक म्हणजे किती ते तरी सांगा की!

पेट्रोल पंपावर दराचा फलक असतो, शंका आली तर पाच लिटरचं माप मागता येतं. इथं उन्हानं उडालेला क्यूआर कोड. तो कसाबसा स्कॅन करा, ओटीपी टाका, वॉलेटमध्ये आधी पैसे भरा, मगच दर दिसणार.

तर विचारायचं असं, की चार्जिंग चालू असताना दर बदलला तर तो सुरुवातीचाच लागायला हवा ना? दर आणि वेळ वेगळे दाखवणारी पावती कुणी मागून मिळवलीय का? १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन करणार आहे, पण स्क्रीनशॉट फक्त सुरुवातीच्या दराचा आहे. तेवढा पुरेल का? आणि टेंभुर्णी-इंदापूर पट्ट्यात दर आधीच स्पष्ट लिहिलेलं एखादं स्टेशन माहीत असेल तर कळवा, पुढच्या आठवड्यात परत जायचंय.